डाव्या पेटीतली नळी

"डावीकडे चौऱ्याऐंशी!" मंचावरून पुकारा झाला. सभागृह श्वास रोखून बसलं होतं. "आणि उजवीकडे... एकेचाळीस!"

टाळ्यांनी छत उडायचं तेवढं बाकी राहिलं. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तर थेट पेटीलाच हात जोडले.

मंचावर दोन लाकडी पेट्या होत्या. डावीवर 'आधी' अशी सोनेरी पाटी, उजवीवर 'नंतर'. प्रत्येक पेटीत समोर काच, आणि आत रक्ताने भरलेली एकेक उंच, बारीक नळी. नळीत रक्त तासभर उभं ठेवलं की लाल पेशी हळूहळू खाली बसतात. अंगात दाह असेल तर भराभर बसतात. तासाभरात किती मिलिमीटर उतरल्या, तो आकडा. तपासणी खरी आणि जुनी. चौथ्या रांगेतली ताई प्रयोगशाळेत अशा नळ्या वीस वर्षं लावत होती, आणि त्यासाठी आजवर कोणी एक टाळी वाजवली नव्हती.

ताईशेजारी तिची धाकटी बहीण बसली होती. तिचा आजार लाखात एखाद्याला होणारा. शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून झोडपतात, तेही नेमकं कान, नाक आणि श्वासनळीच्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला. कान इतके दुखत की चष्म्याच्या काड्या टेकवता येत नसत. तिने चष्मा फितीने डोक्याला बांधला होता. रोजच्या गोळ्यांनी श्वासनळी अजून वाचली होती. गोळ्या थांबल्या तर पुढचा नंबर तिचाच.

ताईने दोन महिने औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदणीच्या याद्या धुंडाळून या आजारावरची एक खरी चाचणी शोधली होती, तिचा माहितीचा कागदही आणला होता. धाकटीला ती पसंत नव्हती.

"तुझ्या कागदावर लिहिलंय, गुण येईल की नाही माहीत नाही. इथल्या चाचणीच्या जाहिरातीत लिहिलंय, येणारच."

"शंभर टक्के!" पलीकडून तिचा नवरा म्हणाला. तो गवंडी. जाहिरात त्यानेच आणली होती.

मंचावरच्या पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांना सगळे 'संशोधकसर' म्हणत. कशाचे संशोधक, हे विचारायची पद्धत नव्हती.

"तुमच्या पेशी रुसल्या आहेत!" सर माइकला बिलगून सांगत होते. "डॉक्टर त्यांना दटावतात. आम्ही समजूत काढतो! अट एकच. आजपासून बाहेरच्या गोळ्या बंद. दोन माणसं एकदम बोलली की पेशी गोंधळतात!"

"आणि एकच माणूस इतका बोलला की?" ताई पुटपुटली.

"ताई, गप्प बस गं."

धाकटीचा नंबर लागला, ती मंचावर गेली. एकदा रक्त काढलं, जिभेवर निळे थेंब सोडले, दहा मिनिटांनी पुन्हा रक्त काढलं. शास्त्रीय दिसावं म्हणून नळ्यांवर 'आधी' आणि 'नंतर' अशा चिठ्ठ्या डकवल्या आणि दोन्ही नळ्या पेट्यांत बसवल्या.

कडेच्या खुर्चीतून मान वाकडी करून गवंडी बराच वेळ पेट्यांकडे पाहत होता. "ताई, डावीतली नळी मागे कललीय. समोरून नाही कळायचं. भिंत असती तर पाडायला लावली असती."

"खात्री आहे?"

"म्हणजे काय! पोट आहे माझं त्याच्यावर."

ताईला नोकरीचा पहिला आठवडा आठवला. डुगडुगत्या टेबलावर तिने नळ्या लावल्या होत्या आणि वरिष्ठ बाईंनी दिवसभराचे सगळे आकडे केराच्या टोपलीत टाकले होते. नळी कलली की पेशी काचेवरून घसरगुंडीसारख्या खाली येतात. आकडा उगाच फुगतो.

"बहिणीला गरगरतंय," असं सांगून ती मंचावर गेली. सर पेशींच्या रुसव्यात रंगले होते, मदतनीस पुढचं नाव शोधत होता. ताईने डावीतली नळी उजवीत ठेवली, उजवीतली डावीत, आणि धाकटीचा हात धरून तिला खाली जागेवर घेऊन आली.

तासाभराने घंटा वाजली. "डावीकडे बहात्तर! उजवीकडे अडतीस! रक्त निम्मं शांत!"

कडकडाट झाला. धाकटीचे डोळे भरून आले. ताईला ते पाहवेना, तरी ती उठली.

"सर, आमच्याकडे आधी चिठ्ठी वाचतात, मग आकडा. डाव्या नळीवरची चिठ्ठी वाचता का?"

"त्याची काही आवश्यकता..."

"वाचा की हो सर!" मागून कोणीतरी ओरडलं.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नंतर'.

"म्हणजे औषधाने आजार दुप्पट झाला?"

"पेशी परत रुसल्या वाटतं!"

हशा उसळला. "घातपात आहे हा! नळ्या बदलल्यात!" सर किंचाळले.

"बदलल्या. मीच," ताई म्हणाली. "तरी डावीकडेच जास्त आलं. मग आकडा रक्ताचा की पेटीचा?"

तोवर गवंडी वर चढला होता. त्याने पेटीचं झाकण काढलं, पिशवीतला ओळंबा नळीच्या वरच्या टोकापासून सोडला. दोरी सरळ खाली आली. नळीचा पाय तिच्यापासून तीन बोटं पुढे होता. उजव्या पेटीत दोरी आणि नळी एकमेकींना चिकटून राहिल्या.

सर मागच्या दाराने गेले. कोट मात्र खुर्चीवरच राहिला.

ताईने माइक घेतला. तिला भाषणाची सवय नव्हती. "आपलं दुखणं खरं असतं, म्हणून खोटी आशा लगेच चिकटते. औषधाची चाचणी म्हणजे कोणालाच अजून ठाऊक नसलेलं उत्तर शोधणं. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, तो चाचणी कशाला घेईल? तेव्हा हमी मिळाली की सावध व्हा. नोंदणी कुठे आहे ते विचारा. चालू गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि पेटी दिसली की ती बाजूनेही बघा."

आजीबाईंनी हळूच विचारलं, "मग उजवीला नमस्कार केला तर चालेल ना?"

बाहेर धाकटी पायरीवर बसली. "मला ते अडतीस हवं होतं गं, ताई."

"मलाही."

धाकटीने पर्समधून दुपारची राहिलेली गोळी काढून घेतली, वर पाणी प्यायली. मग फितीचा चष्मा सारखा केला. "आण तो तुझा कागद. 'माहीत नाही' म्हणणारा."