हौसाबाईंची टिंबांची पोथी

मी ब्रेल टाइपरायटर बोलतोय. मला शाई लागत नाही. टिंबांच्या सहा कळा आहेत. हव्या तेवढ्या एकदम दाबायच्या, की कागदावर टिंबं वर येतात आणि अक्षर तयार होतं. ओळ संपत आली की मी टिंग करून सांगतो.

रत्नागिरीतल्या एका अंधशाळेत मी मुलांची पुस्तकं लिहिली. भूगोल लिहिताना मला शंभर शंका यायच्या, पण विचारणार कोणाला? पुढे संगणकावर चालणारं छपाईयंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे एक पाल आणि मी, दोघं एकमेकांकडे बघत बसायचो.

तिथून मला उचललं राजश्रीने. ती शाळेत काम करायची. परवानगी घेऊन तिने मला लांज्याजवळच्या आपल्या वाडीत नेलं, सासूबाईंसाठी. सासूबाई म्हणजे हौसाबाई. श्रावणात देवळात पोथी वाचायचा मान त्यांचा. काचबिंदूने डोळे गेले आणि पोथी बंद पडली. त्या ब्रेल शिकायला बसल्या खऱ्या, पण काजू सोलण्यात उभा जन्म गेलेला. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी करपून जाड झालेली. तरी बाई हटली नाही. हिला एवढं काय वाचायचंय, या विचाराने मी हैराण व्हायचो.

सबंध आषाढ राजश्री छापील पोथी बघून माझ्यावर टिंबं उठवत होती. कागद दमट, टिंबं मऊ. पण शेवटचं पान झालं तेव्हा आम्हा दोघांनाही फार आनंद झाला.

वाचनाच्या दिवशी मला मात्र घरीच ठेवलं. देवळात काय झालं ते मला नंतर कळलं. हौसाबाईंनी पोथी उघडली, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि थांबल्या.

"बोटा मेली हायत माझी," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे गो, पाठ हाय तुला. तशीच म्हण," त्यांची जाऊ मथुराबाई म्हणाली.

"पाठ म्हणायचा असता तर एवढी शिकले कशाला? मला वाचायचा हाय."

राजश्रीने पानावर हात फिरवला आणि तिच्या लक्षात आलं. मथुराबाईने आदल्या रात्री पोथी रीतीप्रमाणे लाल फडक्यात करकचून बांधून इतर पोथ्यांच्या चळतीखाली ठेवली होती. छापील पोथी अशीच ठेवतात. पण इथे दमट कागदावरची टिंबं पार चेपून गेली होती. बाईंच्या बोटांचा काहीच दोष नव्हता.

राजश्री धावत घरी आली आणि मला काखोटीला मारून घेऊन गेली. देवळात मला पाटावर बसवलं. छापील पोथी बघून राजश्रीने एक ओळ उठवली. माझ्यातल्याच कागदावर हौसाबाईंनी बोट ठेवलं. ते बोट खरखरीत होतं. मी श्वास रोखला असता, पण मला श्वास नाही.

मग बाई वाचू लागल्या. एक ओळ राजश्री लिहायची, एक ओळ त्या वाचायच्या. मी टिंग केलं की दोघं-तिघं हात जोडायचे. मला हसू येत होतं आणि रडूही. अध्याय संपायला दुपार झाली, पण कोणी उठलं नाही.

शेवटी मथुराबाई सरकत जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

"हौसा, माझा नाव ह्यात कसा असल गो?"

राजश्रीने कळा दाबल्या. हौसाबाईंनी जावेचं बोट धरून त्या टिंबांवर टेकवलं. मथुराबाईचे डोळे चांगले धडधाकट, तरी तिने ते मिटून घेतले.

आता मी त्या देवळातच असतो, कोरड्या फळीवर. पोथी शेजारी सैल फडक्यात असते. वाडीतली निम्मी माणसं आपापली नावं चाचपून गेली आहेत, आणि माझी हौस काही फिटत नाही. तुमचं नाव काय? कधी या बाजूला आलात तर सांगा, आणि बोट पुढे करा.