टोपीखालचं फूल

फुलावरची कागदाची टोपी उचलून ताईने भिंग धरलं.

काल संध्याकाळी तिनेच ही कळी उघडली होती. टोमॅटोच्या कळीत पिवळ्या पुंकेसरांची एक नळी असते, परागाने भरलेली. नळीच्या पोटात हिरवी काडी, आणि काडीच्या टोकाला चिकट कुक्षी. कळी उमलायच्या आधी पिवळं सगळं चिमट्याने काढायचं, हिरवं तेवढं ठेवायचं आणि वर टोपी घालायची. नाहीतर फूल स्वतःचाच पराग घेऊन मोकळं होतं. सकाळी कुक्षीवर दुसऱ्या झाडाचा पराग टेकवायचा. बावीस वर्षं या काचघरात ताई हेच करत आली होती.

आणि आज भिंगाखाली, काडीच्या बुडाशी, एक पिवळं कुसळ अडकलेलं दिसत होतं. चिमट्यातून सुटलेलं. त्यातून पराग सांडला असेल की नाही, कोण सांगणार?

काचघराचा पंखा चार दिवस बंद होता. उकाड्याने कळ्या गळून दोनच उरल्या होत्या. परागही डबीत तेवढाच, दोन फुलांपुरता. पानं करपवणाऱ्या रोगाला दाद न देणारं एक रानटी रोप धाकटीने डोंगरातून शोधून आणलं होतं. ते एकही फळ न धरता गेल्या आठवड्यात वाळलं. मागे उरली त्याच्या परागाची ही डबी. पारा एकतीसवर होता. सकाळचे दहा वाजून गेले की परागात जीव राहणार नव्हता.

ताईने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पराग टेकवून टोपी घातली असती तर फळ धरलं असतंच. बी कुणाचं ते पुढच्या हंगामात, रोपं करपल्यावर कळलं असतं. तोवर कोण कुठे!

तिने कात्री उचलली. कच्.

"झालं का, ताई?" धाकटी दार लोटून आत आली. घरी ती धाकटी बहीण, इथे साहेब.

"एक कापलं, मॅडम."

"कापलं? अगं, दोनच होती ना!"

"आत पिवळं राहिलं होतं. एवढंसं."

"एवढंसंच ना? कदाचित त्यातलं काही सांडलंही नसेल!"

"कदाचितचं बी पेरायचं असतं होय?"

 धाकटीचा आवाज चढला. "तुझ्या हातून पिवळं राहतंच कसं? तुझ्या?"

ताईने चिमटा उचलून उजवा हात पुढे केला. चिमट्याची टोकं एकमेकांवर टकटक वाजत होती.

"कधीपासून?"

"थंडी संपली तेव्हापासून. आता चौकशी नको. दुसरं फूल तू कर."

"मी? पंधरा वर्षांत चिमटा धरला नाही मी. काडी मोडली तर?"

"मोडली तर मोडली. माझ्या हातून नक्की मोडेल." ताई मॅडम म्हणायचं विसरूनच गेली होती. "बस खाली. कोपर टेबलावर टेक. टोपी काढ. आधी भिंगातून बघ, पिवळं आहे का?"

"नाही... नाही, स्वच्छ आहे."

"हात पुस. घाम पडला तर पराग फुटतो. डबीत बोटाचं टोक बुडव, नुसतं टोक. आता फुलाखाली आण. ढकलू नकोस गं, टेकव. झोपलेल्या लेकराला टिकली लावतो तशी."

धाकटीचं बोट वर गेलं, थबकलं. काडी वाकली. आणखी वाकली. ताईने डोळे मिटले.

"लागला," धाकटी पुटपुटली.

डोळे उघडले तेव्हा काडी सरळ होती आणि टोकावर पिवळी धूळ होती.

 आता परागाच्या कणातून बारीक नळी फुटेल, काडीतून खाली उतरत अंडाशयापर्यंत जाईल. ताई इथे लागली त्या आठवड्यात कॉलेजातल्या धाकटीने हे तिला मातीत काडीने काढून दाखवलं होतं. एकेका नळीतून दोघं जण उतरतात, ती म्हणाली होती. एक बीजांडातल्या अंड्याला मिळतो, त्याचं बाळरोप होतं. "आणि दुसरा?" ताईने विचारलं होतं. दुसऱ्याचा खाऊ होतो, त्याच बीत, बाळाच्या शेजारी. बाळ मातीतून वर येईपर्यंत पुरतो. ताई तेव्हा हसली होती. तिची शाळा सुटून सहा वर्षं झाली होती, आणि धाकटीची फी नुकतीच भरली होती.

"खूण राहिली," ताई म्हणाली.

हाताने फळवलेलं फूल ओळखू यावं म्हणून त्याच्या देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कापतात. धाकटीने कात्री तिच्याकडे धरली. ताईने मान हलवली. धाकटीनेच त्यातल्या दोन कापल्या आणि टोपी घातली.

ताईने चिमटा पुसला आणि धाकटीच्या कोटाच्या खिशात ठेवला.

"ताई, अगं—"

"रोज संध्याकाळी पुसून ठेवायचा. गंजतो."

मग तिने कोपऱ्यातली झारी भरून घेतली आणि दोन्ही हातांनी उचलली. झारी थरथरत होती. पाणी मात्र सगळ्या कुंड्यांत सारखं पडत होतं.