फुलांखालचा शिपाई

आमच्या कारखान्यात साहेब म्हणजे चित्रकार. वयाने माझ्या लेकाएवढा, पण मान मोठा. तो कागदावर काढतो, विणून विणून बोटं आमची मोडतात आणि पडद्याखाली नाव त्याचं लागतं. असो, माझी जीभ जरा तिखटच आहे.

या वेळचा पडदा जुन्या राजांच्या महालात भिंतीवर टांगायचे तसला, शिकारीचा. घोडे तेच, झाडं तीच, कुत्रीही तीच. फक्त ससाण्यांच्या जागी ड्रोन आणि हरणाच्या जागी पाय आपल्याकडे करून जमिनीवर पडलेला शिपाई. मधल्या रिकाम्या जागेत बारीक फुलं भरायची. ती कागदावर नसतात, विणणारीने आपल्या मनाने घालायची, ही या कामाची जुनी रीत.

फुलांत माझ्या धाकट्या जावेचा हात धरणारं कुणी नाही. मागाची डावी बाजू तिला दिली ती म्हणूनच. शिपाई त्याच बाजूला पडलाय हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे बूट विणून झाले होते. मेलं माझं लक्ष!

तिचा पोरगा गेल्या थंडीत लढाईवर गेला. पुढे तो पडल्याचं पत्र घरी आलं, देह आलाच नाही. त्याच्या अंगावर चादर घालायलाही मिळाली नाही बिचारीला.

"अगं, जागा बदलू या आपण," मी म्हटलं.

"राहू द्या, ताई."

गुडघ्यांच्या वर तिने फुलं घालायला सुरुवात केली. मांड्यांच्या जागी फुलं, पोटाच्या जागी फुलं, छातीच्याही. मी शेजारी बसून सगळं पाहत होते आणि मूग गिळून गप्प होते. विणलेला भाग खाली गुंडाळला जातो, साहेबाला दिसायचा नाही, अशी आपली वेडी आशा.

एके दिवशी तो म्हणाला, "उलगडा जरा." उलगडलं.

"मावशी, माणूस कुठाय?"

"फुलांखाली आहे," जाऊ म्हणाली.

तो ओरडला असता तर मी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. पण तो तिच्यासमोर खाली बसला. "लोक फुलं बघतील, वा वा म्हणतील आणि चहाला जातील. मेलेला पोरगा त्यांना दिसलाच पाहिजे, मावशी. नाहीतर मी हे कशाला करतोय?"

त्याचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत.

"दिसू दे की," ती म्हणाली. "पण असा उघडा किती दिवस टांगून ठेवणार त्याला?"

शेवटी फुलं कापायला कात्री मीच उचलली, मुख्य कारागीर ना मी! खोटं कशाला बोलू? साहेबाचा राग आला, तिचा आला, आणि इतके दिवस गप्प बसल्याबद्दल सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"द्या इकडे," जाऊ म्हणाली. "त्याला उघडं करायचंच असेल, तर मी करते."

एकेक फूल तिने उसवलं. मग पुन्हा गुडघ्यांपासून विणायला घेतलं. साहेब रोज येऊन स्टुलावर बसायचा. तिसऱ्या आठवड्यात ती छातीपाशी पोचली आणि तिचा हात थांबला.

"साहेब, कागदावर इथे तुम्ही नुसता लाल रंग लावलाय. जखम नेमकी कशी असते ते सांगा," ती म्हणाली. "मला कुणी दाखवलाच नाही तो."