उत्तर न आल्यास

प्रोग्रॅम तपासणारी ती टेस्ट मनाला येईल तेव्हा लाल, म्हणजे नापास, व्हायची. बाकीच्या सगळ्या गुणी मुलींसारख्या हिरव्या, आणि ही एकटी आज हिरवी, उद्या लाल, दुपारी परत हिरवी. टेस्टरबाईंनी तिचं नाव ‘नखरेल’ ठेवलं होतं.

टेस्टरबाई चाळिशी ओलांडल्यावर, घरबसल्या, चुका करत करत हे काम शिकल्या होत्या. दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायचे पैसे मिळतात हे कळलं, तेव्हा ‘अगंबाई, हे तर मी लग्न झाल्यापासून फुकट करतेय’ म्हणून त्या रुजू झाल्या होत्या.

ऑफिसात एक साधीच सर्व्हिस तयार होत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर मेसेज जायचा : ‘आपण बरे आहात ना? बरे असाल तर १ पाठवा.’ एक आला की काम झालं. उत्तर न आल्यास शेजाऱ्याला फोन. शेजाऱ्याचा नंबर दिल्याशिवाय कुणाचं नावच नोंदवायचं नाही, हा नियम टेस्टरबाईंनी मॅनेजरशी भांडून घालून घेतला होता.

हे सगळं चालणार होतं मोठ्या सर्व्हरवर. पण टेस्ट करताना दर वेळी एवढं धूड कोण हलवणार? म्हणून टेस्टच्याच पोटात त्या सर्व्हरची छोटी आवृत्ती उभी राहायची. तिला एम्बेडेड कंटेनर म्हणत. टेस्टरबाई म्हणत भातुकली. चूल खोटी, भांडी बोटभर, पण स्वयंपाकाची रीत खरी. सर्व्हिस उठायची, हाक मारली की ओ द्यायची, आणि टेस्ट संपली की सगळा पसारा आवरून नाहीसा. मेसेज बाहेर नेणारं खातंसुद्धा खोटंच, म्हणजे जगाला कशाचा पत्ता लागायला नको.

‘नखरेल’चं काम एवढंच, की मेसेज पाठवायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. भातुकलीत उत्तर द्यायला कोण बसलंय? कुणी नाही. मग शेजाऱ्याला खोटा फोन लागला की टेस्ट हिरवी. लाल व्हायला कुणीतरी उत्तर द्यायला हवं.

“मशीनमध्ये भूत आहे,” लांबू म्हणाला. लांबू म्हणजे ही सर्व्हिस लिहिणारा, दारातून मान वाकवून येणारा प्रोग्रॅमर.

“तुझ्या कोडमध्ये राहण्यापेक्षा भूत दुसरीकडे भाड्याने राहील,” टेस्टरबाई म्हणाल्या.

सगळे जेवायला गेले असताना एकदा त्या नोंदी उकरत बसल्या, आणि भूत सापडलं. उत्तर खरंच आलेलं होतं. ‘१’. बाजूला, ज्या नंबरवरून आलं तो नंबर. तो त्यांना वाचावाही लागला नाही.

अप्पांचा.

नवीन असताना ‘इथे कुठलाही नंबर टाका’ अशी रिकामी चौकट समोर आली, तेव्हा वडिलांचा नंबर बोटांनी आपसूक टाकला होता. आणि भातुकली खोटी असली, तरी एका जुन्या सेटिंगमुळे तिचे मेसेज खऱ्या खात्यातूनच बाहेर पडत होते, उत्तरंही तिथूनच परत येत होती. टेस्ट दिवसातून चारदा चालली की अप्पांना चार मेसेज. फोन हाताशी असला तर अप्पा लगेच उत्तर देत, टेस्ट लाल. अंघोळीला गेलेले असले तर हिरवी.

अप्पा लिफ्टचे मेकॅनिक होते. आता निवृत्त. आई गेल्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. फोनवर बाप-लेकीचं बोलणं म्हणजे “जेवलात?” “जेवलो.” “बरं.” “बरं.” पुढे दोघांनाही सुचत नसे.

त्या संध्याकाळी टेस्टरबाईंनी फोन लावला.

“अप्पा, तुम्हाला मेसेज येतात का हो?”

“येतात की तुझे. खाली तुझ्या ऑफिसचं नाव असतं. मी लगेच एक पाठवून देतो.”

“त्रास होत असेल.”

“आधी वाटलं, काय ही पोर, दिवसातून चारदा विचारते! तोंडाने एकदा विचारत नाही. मग म्हटलं, आईवर गेलीय. तीही बोलायची नाही, पण डबा रिकामा आलाय का ते झाकण काढून बघायची. आता सवय झालीय. सकाळी तुझा मेसेज आला की मग चहा ठेवतो.”

टेस्टरबाई म्हणाल्या, “बरं.”

दुसऱ्या दिवशी लांबूने विचारलं, “सापडलं का भूत?”

“सेटिंगमध्ये काहीतरी आहे वाटतं. बघतेय.”

दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर मांडायला एरवी ज्या एक क्षण लावत नसत, त्या स्वतःची चूक पदराखाली घेऊन बसल्या. रविवारी जाऊन अप्पांना समोरासमोर सांगू, असं ठरलं. रविवार आला, पाहुणे आले, रविवार गेला. मेसेज जात राहिले, चहा होत राहिला.

मग एका सकाळी त्या ऑफिसात शिरल्या तर टाळ्या चालल्या होत्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ‘नखरेल’च्या नावापुढे हिरव्या चौकटींची ओळ. काल संध्याकाळपासूनची एकूण एक फेरी हिरवी.

“बघा!” मॅनेजर म्हणाले. “आपोआप सुतासारखी सरळ झाली. आता एकदाची सर्व्हिस लोकांसाठी बाहेर काढा!”

त्या खोलीत हिरव्या रंगाचा अर्थ एकट्या टेस्टरबाईंना ठाऊक होता. काल संध्याकाळपासून अप्पांनी उत्तर दिलेलं नाही.

त्यांनी फोन लावला. नुसती रिंग. परत लावला. परत रिंग. पर्स उचलून त्या निघाल्या. “अहो, बाई, कॉफी!” असं कुणीतरी मागून ओरडलं.

रिक्षात बसल्यावर शेजाऱ्यांना फोन करावा असं डोक्यात आलं, आणि मग कळलं की अप्पांच्या शेजाऱ्यांचा नंबर आपल्याकडे नाही. नियम घालणारी बाई, आणि तिच्याच फोनमध्ये तो नंबर नाही. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि न सांगता वेग वाढवला.

अप्पांचं दार लॅचचं. आत कुणी आहे की नाही, बाहेरून कळायला मार्ग नाही. बेल दाबली, दार वाजवलं, हाका मारल्या. किल्ली घरी, ड्रॉवरमध्ये. त्यांनी पुन्हा फोन लावला आणि दाराला कान लावला. आत फोन वाजत होता. वाजत राहिला. कुणी उचलत नव्हतं.

त्या शेजारच्या बेलकडे वळल्या, तोच हातातला फोन थरथरला. लांबू.

“बाई, आहात कुठे तुम्ही? मी आत्ता येतोय तर खाली दारात तुमचे वडील उभे. वॉचमनशी वाद चाललाय. मुलगी बरी आहे ना, एवढंच विचारतायत.”

जीव भांड्यात पडला, आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. आतला फोन केव्हाच थांबला होता.

परत आल्या तेव्हा अप्पा त्यांच्याच खुर्चीत बसले होते. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. लांबूने त्यांना सगळं समजावून सांगितलेलं दिसत होतं. प्रोग्रॅमर एकदा खरं सांगायला लागले की आवरत नाहीत.

“ते सेटिंग काल जाताना मीच काढून टाकलं,” लांबू ओशाळून म्हणाला. “तुम्हाला सांगायचं राहिलं.”

“काल संध्याकाळचा मेसेज आला नाही,” अप्पा म्हणाले. “म्हटलं असेल कामात. सकाळचाही नाही. मग मात्र धीर सुटला. फोन करायचं सुचलं तेव्हा बसमध्ये होतो, आणि फोन टेबलावर.”

“चहा?”

“नाही घेतला.”

मग अप्पा हळूच म्हणाले, “म्हणजे तू विचारत नव्हतीस तर.”

टेस्टरबाईंना खोटं बोलता आलं असतं. “नाही. पण नंबर मी टाकला होता.”

“माझाच का?”

“पाठ तेवढाच आहे, अप्पा. माझा स्वतःचासुद्धा नाही.”

अप्पांनी पडद्यावरच्या हिरव्या चौकटींकडे पाहिलं.

“आम्ही नवी लिफ्ट बसवली की आधी वाळूची पोती चढवायचो,” ते म्हणाले. “वर-खाली, वर-खाली. माणूस अगदी शेवटी. तू तर पहिल्या फेरीलाच बाप चढवलास!”

आधी लांबू हसला, मग अप्पा. टेस्टरबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या आणि ते काही लवकर पुसून होईनात.

अप्पांना बसमध्ये बसवताना त्या म्हणाल्या, “शेजारच्यांचा नंबर द्या. नियम आहे.”

“मग तुझ्या शेजारणीचा दे.”

“तिचं माझं पटत नाही.”

“हं,” अप्पा म्हणाले, आणि बस सुटली.

दुपारी मीटिंग चालली होती. सर्व्हिस कधी बाहेर काढायची यावर मॅनेजर बोलत होते, आणि टेस्टरबाईंचा फोन टेबलावर गुरगुरला. ‘बरी आहेस ना? बरी असशील तर १ पाठव.’

त्यांनी टेबलाखाली १ पाठवला. दोन मिनिटं व्हायच्या आत दुसरा मेसेज. ‘उत्तर न आल्यास त्या उंच मुलाला फोन करणार होतो. नंबर घेऊन ठेवलाय.’

टेस्टरबाईंनी समोर लांबूकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघण्यात फारच गुंतलेला होता. मग त्यांनी, मॅनेजर बघत असताना, सरळ टेबलावरच फोन धरून लिहिलं, ‘अप्पा, चहा झाला का?’

‘आता ठेवतो.’