दहावं तिकीट

रविवारी टीव्हीवर अमरकिरणला जीवनगौरव पुरस्कार दिला, आणि रिठदच्या पुंजाजीनं कपाळावर हात मारून घेतला. अरे, जीवनगौरव म्हणजे काय? शाल घ्या, टाळ्या घ्या आणि घरी बसा! खरी सोन्याची बाहुली, उत्तम नटाची, गेली एका कालच्या पोराला, ज्याला धड हसतासुद्धा येत नाही.

रत्नमाला असती तर तिनं त्या परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पुरस्कारांचा हंगाम आला की या नवराबायकोचं हेच चालायचं. ती टीव्हीला शिव्या घालायची, हा म्हणायचा, "हळू बोल, शेजारचे ऐकून राह्यले." मग ती आणखी जोरात. तिचं एक मत पक्कं होतं: "बाहुली कोनालेबी भेटते. ज्याच्यासाठी बाई चूल टाकून थेटरात येते, तो हिरो!"

दीड वर्षापूर्वी रत्नमाला गेली. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत घर रिकामं झालं. पोरगी राखी सासरहून फोन करायची, "जेवले का बाबा?" हा म्हणायचा, "हाव." संपलं बोलणं. उरलेला दिवस म्हशीशी बोला नाहीतर टीव्हीशी.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, अमरकिरणचा नवा सिनेमा रिसोडला लागला. मोबाइलवरचे शहाणे आधीच सांगत होते, की सिनेमा आपटणार, या म्हाताऱ्याच्या नावावर आता कुत्रंही येत नाही. पुंजाजीचं डोकंच फिरलं. ज्याच्या पहिल्या खेळाला याच रिसोडात पोलिसांनी लाठ्या उगारल्या, ज्याच्या तिकिटासाठी पुंजाजीचा लग्नातला सदरा टराटरा फाटला, त्याच्या नावावर कोणी येत नाही? त्यानं धुतलेले कपडे घातले, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि बस धरली. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ, दुपारी बाराचा. दोघांनी अमरकिरणचा एकही चुकवला नव्हता.

थेटरासमोर लाठ्या नव्हत्या की गर्दी नव्हती. खिडकीत किशन बसला होता. मॅनेजर म्हणा, तिकीटवाला म्हणा, सगळं तोच.

"दोन बाल्कनी," पुंजाजी म्हणाला.

हे त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं हो. त्या खिडकीशी उभं राहिलं की त्याचं तोंड वर्षानुवर्षं एवढंच बोलत आलं होतं. चूक ध्यानात येईपर्यंत किशननं दोन तिकिटं फाडलीसुद्धा.

"या, या पुंजाजीभाऊ! लय दिवसांनी. वैनी कुठं हायेत?"

सांगायला काय लागतं? एक शब्द. पण किशन हसून विचारत होता. दीड वर्षात तिचं नाव निघालं की लोक मान खाली घालायचे, उसासा टाकायचे. किशननं मात्र जित्याजागत्या माणसाबद्दल विचारावं तसं विचारलं. पुंजाजीला ते इतकं गोड वाटलं, की तोंडून निघून गेलं, "येऊन राह्यली. मागून."

खाली एकही माणूस नाही, वर बाल्कनीत मोजकी माणसं. दवाखान्याच्या कामाला आलेलं आणि डॉक्टरची वेळ होईस्तोवर इथं टेकलेलं चार जणांचं कुटुंब. शिरपूरचा एक शेतकरी आणि त्याची बायको. कॉलेजला दांडी मारलेल्या दोन पोरी. पुंजाजी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला आणि डावीकडची रिकामी ठेवली.

बारा वाजून गेले, तरी पडदा पांढराच. शेवटी किशन वर आला आणि बोटानं डोकी मोजू लागला.

"मालकाचा नियम हाय, भाऊ. दहा डोकी बसल्याबिगर मशीन लावाची नाई. तिकिटं दहा गेली, डोकी नऊच भरून राह्यली." मग त्यानंच तोड काढली. "कायले घाबरता? वैनी येऊनच राह्यल्या न! त्या आल्या की लावतो."

झालं! सगळी बाल्कनी रत्नमालेची वाट पाहू लागली.

"येतीन, येतीन," शिरपूरचा शेतकरी म्हणाला. "बाईमानसाले साडी नेसाले टाइम लागते." त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. सगळे हसले. पुंजाजीही हसला. त्याला स्वतःची लाज वाटली, पण हसला.

सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. दवाखानेवाल्यांची चुळबुळ सुरू झाली. पोरींपैकी एक, संस्कृती नावाची, उठून त्याच्यापाशी आली. "काका, काकू स्टँडवर असतीन तर मी स्कूटीवर घेऊन येतो न. नंबर सांगा, फोन लावतो."

पोरीचा चेहरा साधा, मदतीचा. पुंजाजीनं गुपचूप उठून निघून जावं, तर खेळ बंद होणार, आणि अमरकिरणच्या नावावर रिसोडात दहा माणसं जमली नाहीत हे खरं ठरणार. बसून राहावं, तर ही पोरगी नंबर घेतल्याशिवाय हलत नाही. आणि खरं सांगावं, तर या नऊ जणांत अर्धा तास जिवंत असलेली रत्नमाला आपल्याच तोंडानं मारायची.

तो उभा राहिला.

"ती येत नाई, पोरी. मेली ती. दीड वर्ष झालं." त्यानं किशनकडे पाहून हात जोडले. "मी खोटं बोललो, किशन. मले शिव्या दे. पन त्याचा खेळ नको बंद करू."

हे त्यानं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं, पाहुण्यांना राखीनं कळवलं होतं. संस्कृतीनं हातातला मोबाइल पिशवीत टाकला.

किशननं पुन्हा एकदा डोकी मोजली. "मंग दहावा मी," म्हणाला, आणि मागच्या खोलीतल्या मशीनवाल्या पोराकडे तोंड करून ओरडला, "लाव रे!" तो येऊन डावीकडच्या खुर्चीत बसणार, तोच पुंजाजीनं तिच्यावर हात ठेवला.

"इथं नको, बावा. पलीकडं बस."

किशन एक खुर्ची सोडून बसला. अंधार झाला.

सिनेमा रद्दी होता, खोटं कायले बोला? अमरकिरणचे केस काळेभोर आणि चाल म्हाताऱ्याची. मारामारी आली की कॅमेरा त्याची पाठ दाखवायचा, आणि ती पाठ दुसऱ्याच कोण्या जवान माणसाची होती. मोबाइलवरचे शहाणे खरं बोलत होते. पुंजाजी डावीकडे कलला.

"थकला न तो?"

"हाव भाऊ," पलीकडून किशन मायेनं म्हणाला. "लय थकला."

रत्नमाला असं कधीच म्हणाली नसती. ती फणकारली असती, तो कायले थकते, तुमीच थकले! पाच खुर्च्यांपर्यंत ऐकू गेलं असतं, आणि यानं तिला चूप राहायला सांगितलं असतं. पुंजाजी कललेलाच राहिला. त्यानं खरोखर वाट पाहिली. कोणी भांडलं नाही.

पडद्यावर अमरकिरण शेणात घसरून पडला, आणि सगळी बाल्कनी खो खो हसली. पुंजाजीनं दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबला आणि रडायला लागला. ती गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता, आणि मध्यंतरापर्यंत काही केल्या त्याला थांबता आलं नाही.