उसाच्या कडेचा शेवटचा डाव

अर्पिताची बदली झाली नसती तर तो खेळ अजून चालूच राहिला असता. ती परंड्याच्या शाळेत शिक्षिका होती. लॉकडाऊनच्या वर्षी तिनं तीन मित्रांना गोळा करून गोष्टीचा एक खेळ सुरू केला होता. खेळ तसा साधा. अर्पिता गोष्ट सांगायची, बाकीचे तिघं त्यातली आपापली माणसं व्हायचे, आणि कुणाचा वार लागला, कोण वाचलं, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. मोबाईल दुरुस्त करणारा रणधीर खेळात चोर होता. बसवेशचं औषधांचं दुकान. तो खेळातही वैद्यच झाला होता. आणि बँकेत काउंटरवर बसणारी निकिता होती यमुना सरनोबत, दिसेल त्या दारातून तलवार उपसून सगळ्यांच्या आधी आत शिरणारी. एकच गोष्ट दर रविवारी थोडी थोडी पुढं सरकत इतकी वर्षं चालली होती.

शेवटचा डाव रणधीरच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत खेळायचं ठरलं. गावात कुणाच्याही घरी बसलं की पाहुणे, चहा, पोरांचा दंगा. शेतात निवांत होतं. त्या भागात बिबट्या फिरतोय असं लोक बोलत होते, पण तो नदीच्या पलीकडं दिसला होता म्हणून रणधीरनं ते मनावर घेतलं नव्हतं.

दुपारी तिघं पोचले. निकिता घरचं आवरून मागून येणार होती. अर्पितानं टेबलावर नकाशा पसरला, छोटा स्पीकर लावला. गोष्टीत वादळ आलं की ती वादळाचा आवाज लावायची, लांडगे आले की लांडग्यांचा. एकदा तर तिनं रणधीरला बाहेर पाठवून खरोखरच दार ठोठावायला लावलं होतं, आणि निकिता खुर्चीवरून पडली होती. त्यानंतर निकितानं शपथ घेतली होती की अर्पिताच्या कुठल्याच सोंगाला ती पुन्हा घाबरणार नाही.

रणधीर पाण्याची मोटार चालू करायला बाहेर गेला. त्याचं कुत्रं उसाकडं तोंड करून भुंकत होतं. मग ते केकाटलं आणि एकदम गप्प झालं. रणधीर आत आला तो पाठीनं दार लावतच.

"वाघरू हाय," तो म्हणाला. "कुत्रं उचललं. माझ्या म्होरं."

बसवेशला आधी ते खेळातलंच वाटलं. त्यानं अर्पिताकडं पाहिलं. तिचा चेहरा बघून तो उठला आणि त्यानं कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली.

खिडकीला जाळी होती. तिच्यातून समोरची पाणंद, शेतात यायची वाट, दिसत होती, आणि तिच्या एका अंगाला उसाचा फड. वारं नव्हतं. तरी एका जागचे शेंडे हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. रणधीरनं गावात फोन केला. माणसं घेऊन येतो, तोवर कुणी बाहेर पडू नका, असं चुलत्यानं सांगितलं. फोन ठेवल्यावर तिघांनाही एकाच वेळी निकिता आठवली.

अर्पिता फोन लावत राहिली. बेल जात होती, पण निकिता गाडी चालवताना फोन डिकीत टाकायची. बसवेश म्हणाला, उशीर झाला म्हणून ती कदाचित यायचीच नाही. पण आजचा डाव निकितानं चुकवला नसता, हे त्यालाही माहीत होतं.

थोड्या वेळानं स्कूटीचा आवाज आला. पाणंदीच्या तोंडाशी चिखल होता, म्हणून निकितानं गाडी तिथंच लावली आणि डब्याची पिशवी हातात घेऊन चालत यायला लागली. उसाच्या अगदी कडेनं.

तिघं एकदम ओरडले. बिबट्या आहे, मागं फिर. निकिता थांबली, हसली आणि तिनं पिशवी डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं कमरेची तलवार उपसल्यासारखं केलं.

"यमुना सरनोबत मागं फिरत नसते!" ती यमुनेच्या भरदार आवाजात म्हणाली, आणि पुढं निघाली.

निकिताला भिववायला इतकी वर्षं अर्पितानं जे जे केलं होतं, ते सगळं आता निकिताच्या आणि त्या उसाच्या मधे उभं होतं. शेंडे हलत हलत पाणंदीकडं सरकत होते. तिनं कडी काढली. बसवेशनं तिचा दंड धरला, ती हिसका देऊन दाराबाहेर आली आणि दोन पावलांवरच थांबली.

"निकिता, खेळ संपला," ती म्हणाली. ओरडायचं होतं, पण आवाज फाटून गेला. "आपला खेळ संपला. हे खरं आहे गं."

निकिताचा हात खाली आला. तो आवाज तिनं अर्पिताच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनं उसाकडं पाहिलं. चार हातांवर पानं बाजूला झाली आणि बिबट्या पाणंदीवर आला. तोंडात कुत्रं होतं, त्याचे पाय जमिनीवरून फरफटत होते. तो थांबला आणि निकिताकडं बघत राहिला.

"पळू नको," अर्पिता म्हणाली. "खाली बसू नको. माझ्याकडं बघ. मागं सरक. अजून सरक."

निकिता सरकली नाही. पिशवी हातातून सुटली आणि डबा आपटला. बिबट्यानं कान पाडले. तेवढ्यात रणधीर आणि बसवेश फावडं आणि घमेलं घेऊन बाहेर आले आणि पत्र्याच्या भिंतीवर जीव खाऊन बडवायला लागले. तो कानठळ्या बसवणारा आवाज ऐकून जनावर दचकलं, कुत्रं तोंडात तसंच धरून पलीकडच्या तुरीत शिरलं आणि दिसेनासं झालं. निकिता तरीही हलली नाही. शेवटी अर्पिता चालत गेली. कशी गेली ते तिला नंतर आठवेना. तिनं निकिताच्या मनगटाला धरलं आणि तिला ओढत खोलीत आणलं.

आत बसवेशनं पाणी दिलं तर निकिताचे दात ग्लासावर वाजले. बाहेर पान हललं तरी चौघं दाराकडं बघायचे. टेबलावर नकाशा तसाच होता, पण त्याला कुणी हात लावला नाही.

ऊन उतरल्यावर गावातली माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. काठ्या, फटाके, आरडाओरडा. चौघांना ट्रॉलीत मधोमध बसवलं. ट्रॉली डांबरीला लागल्यावर निकितानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"यमुनेचं काय होणार होतं?" तिनं हळूच विचारलं.

अर्पितानं आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. सगळे निसटावेत म्हणून यमुना एकटी दार अडवून उभी राहणार होती आणि तिथंच मरणार होती. ते सुचलं तेव्हा अर्पिताला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, थोडं रडूही आलं होतं.

"घरी जाणार होती," ती म्हणाली. "म्हातारी होऊन."

निकितानं मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही, हे अर्पिताला कळलं नाही. रणधीर वळून दोघींकडं बघत होता.

आठवडाभरात अर्पिता नव्या गावी हजर झाली. बिबट्या काही सापडला नाही. वनखात्यानं लावलेल्या पिंजऱ्यातली शेळी ओरडून ओरडून थकली आणि शेवटी तिला सोडून दिलं. रणधीरच्या घरची माणसं अजून घोळक्यानंच उसात जातात. निकिता रविवारी फोन करते, शाळेचं, जेवणाचं विचारते. खेळाचा विषय दोघींपैकी कुणीच काढत नाही. बोलता बोलता ती मधेच गप्प होते, आणि पलीकडून तिचा श्वास ऐकू येईपर्यंत अर्पिताच्या जिवात जीव नसतो.