मुकादमबाईंचा कोट

मुकादमबाईंनी शीतगृहाचं जाड दार खांद्याने ढकललं, लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बाजूला केल्या आणि विमा कंपनीच्या साहेबांना आत घेतलं. गोठवलेल्या मटारची खोकी छतापर्यंत रचलेली होती. कामगारांच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण करण्याआधी साहेब दरवर्षी कारखाना बघायला यायचे. एरवी ते या दारातूनच मान डोलावून परत फिरत. आज बाईंनी त्यांना आत आणलं, कारण बोलायचं होतं, आणि हल्ली डोकं ठिकाणावर ठेवून बोलता येईल अशी कारखान्यात हीच एक जागा उरली होती.

पन्नाशीच्या बायका शीतगृहातल्या कामासाठी भांडतात, हे ऐकून नवीन माणूस चाट पडे. तरण्याताठ्या मुली दोन-दोन मोजे चढवूनही कुडकुडत. या बायका मात्र खोकी मोजायच्या निमित्ताने आत शिरत आणि गार भिंतीला पाठ टेकून डोळे मिटत. त्यांच्यात पहिला मान मुकादमबाईंचा. हमालांनी त्यांचं नाव ‘भट्टी’ पाडलं होतं आणि एका टवाळाने ते त्यांच्या कोटाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहूनही ठेवलं होतं. बाईंनी ते पुसलं नाही. “भट्टी म्हणतोस ना? मग लांब राहा, भाजशील,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

थट्टा सोसता येते, झोपेचं काय करायचं? रात्री अंगाची लाही लाही होई, चादर भिजे, नवरा रजई घेऊन बाहेरच्या खोलीत घोरायला जाई. डॉक्टरीणबाईंनी औषधं सुरू केली तेव्हा बाई कुठे माणसासारख्या झोपू लागल्या. मग विम्याने हात वर केले, औषधं थांबली, आणि परवा पेंगुळल्या डोळ्यांनी त्यांनी एक ट्रक भलताच माल भरून पाठवला. पुन्हा असं झालं तर मुकादमी जाईल, असं मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं.

“मावशी, फारच गार आहे हो इथे,” साहेब हात चोळत म्हणाले. हे मावशी म्हणणारे गृहस्थ बाईंपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी लहान असतील.

“हा घाला.” बाईंनी खुंटीवरचा कोट काढून त्यांच्या अंगावर चढवला. “आता सांगा, माझे उपचार विम्यात का बसत नाहीत?”

“अहो, ते नैसर्गिक आहे. वय झालं की पाळी जाणारच. त्याला आजार कसा म्हणायचा?”

“आमच्या मॅनेजरसाहेबांचा मोतीबिंदू विम्यातून काढलात. तो कशाने झाला?”

“वयाने. पण...”

“त्यांच्या वडिलांचा गुडघा?”

“तोही वयानेच झिजला असेल. ते वेगळं, मावशी.” साहेब समजूतदारपणे हसले. “इतकं मनावर घेऊ नका. आमच्या घरीही हेच चालू आहे. थोडे दिवस चिडचिड करते, मग होते आपोआप शांत.”

“शांत होते, की बोलायचं सोडून देते?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिच्यामागोमाग रोजची ती दुसरी आगही छातीतून वर चढली. मान, कान, कपाळ घामाने निथळू लागलं. त्या बर्फगार हवेत त्यांच्या केसांतून वाफ निघू लागली, चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखी.

साहेब बघतच राहिले.

“तुम्हाला... थंडी वाजत नाही?”

“नाही,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. कुणीतरी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

साहेबांनी टॅबलेट काढला आणि आखडलेल्या बोटांनी काहीतरी लिहिलं. बाई थांबल्या.

“काय लिहिलंत?”

“शीतगृहात कोट न घालता काम चालतं, असं. हे नियमात बसत नाही, मावशी. उद्या तुम्हाला काही झालं तर कंपनी एक पैसा देणार नाही. आत कोट हवाच.”

बाईंनी पदराने तोंड पुसलं.

“बरोबर आहे. काढा मग.”

“काय?”

“कोट. तुमच्या अंगावर आहे तो माझा आहे. पाठीवर नाव आहे, बघा.”

साहेबांनी आधी हसून पाहिलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचा हात पुढे होता, तो त्यांनी मागे घेतला नाही. शेवटी साहेबांनी एकेक बटण सोडलं. बाईंनी कोट घातला, गळ्यापर्यंत लावला आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. घाम कॉलरमधून आत ओघळत होता. समोर साहेबांचे दात वाजू लागले होते.

“तुमचा नियम पाळला,” त्या म्हणाल्या. “आता त्या खोक्यावर बसा, साहेब, आणि नैसर्गिक म्हणजे काय ते मला नीट समजावून सांगा. सावकाश सांगा. मला काही घाई नाही.”